भांडी आधी वाजली

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. कराडच्या काही मुलांनी कोयनेच्या भूकंपावर एकांकिका बसवायला घेतली होती आणि तिच्यातल्या आवाजांचं काम माझ्याकडे आलं होतं. ११ डिसेंबर १९६७ची पहाट, साडेचारच्या आतली वेळ, झोपलेलं घर आणि मग भूकंप. रंगमंचावर घर पाडून दाखवता येत नाही. जे पडायचं ते प्रेक्षकाच्या कानातच पडावं लागतं. तीन रात्री बसून मी सिंथेसायझरवर एक आवाज तयार केला. खोल, भरदार, छातीत घुमणारा. तालमीत तो वाजवला. दिग्दर्शक मुलाने डोळे मिटून ऐकला आणि शेवटी म्हणाला, “काका, चांगलाय. पण मागच्या नाटकात वादळाला हाच होता ना?”

नव्हता. मागच्या वादळाचा आवाज मी वेगळा केला होता, वेगळ्या यंत्रावर केला होता. पण त्या मुलाचं चुकलं नव्हतं. घरी येऊन मी माझे गेल्या सहा-सात वर्षांतले आवाज ओळीने ऐकले. वादळ, स्वप्न, युद्ध, नदीचा पूर, म्हाताऱ्याचं मरण. सगळी एकाच घरातली भावंडं वाटली. नाक तेच, कपडे वेगळे. ज्याला आपण ‘आपली शैली’ म्हणून मिरवत होतो ती निव्वळ हाताची सवय होती, हे पन्नाशी उलटल्यावर कळणं फारसं सुखाचं नसतं.

या लेखात त्या सवयीतून बाहेर पडण्याचा मार्ग मला कसा सापडला ते सांगायचं आहे. या विषयाचं रीतसर शिक्षण मी घेतलेलं नाही. रेडिओ-टेप दुरुस्तीच्या दुकानात डाग द्यायला शिकलो, बाकीचं पुस्तकं वाचून आणि यंत्रं उघडून. त्यामुळे सांगण्यात पंडिती नेमकेपणा नसेल, पण हातांनी करून न पाहिलेलं मी काही सांगणार नाही.

यंत्राची सवय

सिंथेसायझर म्हणजे बोटं ठेवली की वाजणारी पेटी, अशी आपल्याकडे समजूत आहे. ऑर्केस्ट्रात, वरातीत, भजनी मंडळात तो तसाच वापरला जातो. बटण दाबलं की बासरी, दुसरं दाबलं की सनई. हे तयार आवाज म्हणजे प्रीसेट. पण हे प्रीसेट आधी कोणीतरी रचलेले असतात. ते रचणं हा एक स्वतंत्र उद्योग आहे आणि त्याला इंग्रजीतून आलेलं नाव आहे ‘साऊंड डिझाइन’. मी त्याला आवाजाची रचना म्हणतो.

ही रचना कशी होते? १९६४मध्ये अमेरिकेत रॉबर्ट मूग यांनी आपला सिंथेसायझर आकाराला आणला, तेव्हापासून एक पद्धत रूढ झाली. आधी विजेच्या कंपनातून एक जाडाभरडा, भरपूर उपस्वर असलेला आवाज काढायचा. हे काम करतो तो ऑसिलेटर. मग तो फिल्टरमधून गाळायचा, म्हणजे नको असलेले वरचे किंवा खालचे उपस्वर कमी करायचे. शेवटी आवाज कसा सुरू व्हावा, किती टिकावा आणि कसा विझावा हे ठरवायचं. त्याला एन्व्हलप म्हणतात. स्रोत, गाळणी, आकार. उसाचा रस काढला, गाळला आणि ग्लासात ओतला, असंच काहीसं.

पद्धत उत्तम आहे. तिच्यातून गेल्या साठ वर्षांत अफाट काम झालं. पण प्रत्येक यंत्राबरोबर विचार करायची एक पद्धतही घरात येते. माझ्यासमोर भूकंप आला तेव्हा मी काय केलं? खालच्या पट्टीतला जाड आवाज घेतला, वरचे उपस्वर गाळून टाकले, तो हळूहळू वाढवला आणि हळूहळू विझवला. वादळाच्या वेळीही हेच केलं होतं. प्रश्न तोच विचारला की उत्तर तेच येणार. माझ्या संगणकात आज हजारो प्रीसेट आहेत. त्यांत आणखी हजार घालून हा प्रश्न सुटला नसता.

ज्यांना खरोखर नवा रस्ता सापडला त्यांनी काय केलं, ते मी या निमित्ताने पुन्हा वाचून पाहिलं. जॉन चाउनिंग हे स्टॅनफर्ड विद्यापीठातले संगीतकार. योगायोगाने वर्ष तेच, १९६७. ते संगणकावर स्वराला कंप देऊन पाहत होते. गवयाच्या गळ्यात सेकंदाला पाच-सहा वेळा येतो तसा कंप. त्यांनी त्याचा वेग वाढवत नेला. शंभर, दोनशे. एका टप्प्यापुढे कानाला स्वर हलताना ऐकू येईना. त्याऐवजी आवाजाची जातच बदलली. घंटेसारखे, पितळेसारखे आवाज येऊ लागले. नेहमीची गोष्ट नेहमीच्या मर्यादेपलीकडे नेल्यावर ती दुसरंच काही झाली. ही युक्ती पुढे यामाहा कंपनीने घेतली आणि १९८३च्या डीएक्स-७ या सिंथेसायझरमधून ती जगभर पोचली. गंमत अशी की इतकं सखोल तंत्र हाती आलं तरी बहुतेक वादकांनी त्यातले कंपनीचे प्रीसेटच वाजवले. यंत्र नवं झालं, सवय जुनीच राहिली.

दुसरं उदाहरण मुंबईचं. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटसंगीतातले वादक. १९८२मध्ये त्यांनी रोलँड कंपनीची तीन यंत्रं एकत्र जोडली आणि भैरव, ललत, तोडी, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवून एचएमव्हीसाठी ध्वनिमुद्रिका केली. त्यातलं टीबी-३०३ हे यंत्र एकट्या वादकाला बास गिटारची साथ मिळावी म्हणून बनवलेलं होतं. त्या कामात ते फसलं आणि काही वर्षांतच त्याचं उत्पादन बंद झालं. पण त्यात एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर घसरत जाण्याची सोय होती. राग वाजवणाऱ्या माणसाला त्यात मींड दिसली. मुद्रिका तेव्हा विशेष खपली नाही. पुढे १९८७मध्ये शिकागोच्या तरुणांनी त्याच यंत्रातून ‘ॲसिड हाऊस’ नावाचं नृत्यसंगीत काढलं, आणि २०१०मध्ये सिंगांची मुद्रिका पुन्हा प्रसिद्ध झाली तेव्हा ऐकणारे चकित झाले. हे त्यांनी पाच वर्षं आधीच करून ठेवलं होतं!

अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत तर १९६९मध्येच मूग सिंथेसायझर आला होता. अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी तो बसवून दिला. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा आणि इतर काही जणांनी त्यावर काम केलं. त्या फिती कित्येक दशकं कपाटात पडून होत्या, २०२३मध्ये त्यांचा संग्रह प्रसिद्ध झाला.

या सगळ्यांत मला एक समान धागा दिसला. यंत्र ज्या प्रश्नासाठी बनलं होतं, त्याहून वेगळा प्रश्न त्यांनी यंत्राला विचारला. मग माझा वेगळा प्रश्न कोणता? तो पुस्तकात नव्हता. तो आमच्या स्वयंपाकघरात होता.

फळीवरची भांडी

भूकंप झाला तेव्हा माझा जन्म झालेला नव्हता. आई मात्र होती. लग्न होऊन वर्ष झालं होतं आणि कराडच्या पेठेतल्या एका वाड्यात दोन खोल्यांचा संसार होता. भूकंपाची हकीकत तिच्याकडून मी शंभर वेळा ऐकली असेल. अंधारात रस्त्यावर आलेली माणसं, कोयनानगरहून आलेल्या बातम्या, दीडशेहून अधिक माणसं गेली ती, कोसळलेली घरं. धरण फुटल्याच्या अफवेने नदीकाठच्यांनी धरलेली उंच जागा. पण मी तिला कधीच विचारलं नव्हतं की भूकंप *ऐकायला* कसा आला.

त्या तालमीनंतर विचारलं. माझा घुमणारा आवाज तिला ऐकवला आणि म्हटलं, “असा होता का?”

ती म्हणाली, “हा कुठला? हा सिनेमातला. आधी भांडी वाजली. फळीवरची. मला वाटलं मांजर शिरलं. म्हणून ‘हाड’ म्हणायला मी उठून बसले, आन् मग सगळं घरच हललं.”

“आणि गडगडाट?”

“असंल नंतर. मला भांडीच याद हायत.”

मी वहीत लिहून घेतलं, पण त्या क्षणी मला त्यात आठवणीपलीकडे काही दिसलं नाही. दोन दिवसांनी दिसलं. आईच्या बोलण्यात भूकंपाचं शास्त्र अचूक उतरलं होतं. भूकंपाच्या केंद्रातून दोन प्रकारच्या लाटा निघतात. प्राथमिक लाटा खडकातून सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावतात. त्या आधी येतात, पण त्यांचा धक्का हलका असतो. दुय्यम लाटा सेकंदाला साधारण साडेतीन किलोमीटर वेगाने मागून येतात आणि घरं पाडतात त्या बहुधा याच. कोयनानगर ते कराड हवाई अंतर पन्नास किलोमीटरच्या आतबाहेर. हिशेब केला तर दोन्ही लाटांमध्ये पाच-सहा सेकंदांचं अंतर पडतं. मांजराचा संशय यायला, उठून बसायला आणि तोंडातून ‘हाड’ निघायला तेवढे सेकंद पुरतात.

दुसरी गोष्ट कानाची. माणसाचा कान सेकंदाला वीसहून कमी कंपनं स्वर म्हणून ऐकत नाही. जमीन हलते ती पुष्कळदा त्याहून संथ. म्हणजे भूकंपाचा बराचसा भाग आपल्याला ऐकूच येत नाही. ऐकू येतं ते त्याने हलवलेलं सामान. त्या पहाटे जमीन मुकी होती, फळीवरच्या ताटांनी तिचं बोलणं मोठ्याने वाचून दाखवलं. आणि मी तीन रात्री जमिनीचा आवाज करत बसलो होतो.

मिरजेतला दोरा

भांडी वाजतात म्हणजे काय होतं? ताट स्वतःहून वाजत नाही. ते शेजारच्या ताटावर आपटतं, भिंतीला लागतं, पुन्हा सुटतं. आवाज त्या शिवण्या-सुटण्यात आहे. हे लक्षात आल्यावर मला आठवली ती मिरज.

कराडहून रेल्वेने मिरज दोन-अडीच तासांवर. तिथल्या तंतुवाद्यांच्या गल्लीत मी अनेकदा गेलो आहे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणारे शिकलगार तिथे सतार-तंबोरे करू लागले. फरीदसाहेब शिकलगार हे त्यातलं आद्य नाव. ब्रिटिश अमलात तलवारींचं काम आटलं आणि त्या हातांना दुसरं काम शोधावं लागलं. नवी वाट शोधण्याचं याहून मोठं उदाहरण आमच्या भागात दुसरं नसेल. २०२४मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं.

यावेळी गेलो तो फक्त एक गोष्ट पाहायला. एका कारागिराने तंबोऱ्याची घोडी समोर ठेवली. तंबोऱ्याची घोडी गिटारच्या किंवा व्हायोलिनच्या घोडीसारखी धारदार नसते. ती रुंद असते आणि तिच्या पाठीला अगदी किंचित उतार असतो, डोळ्याला दिसेल न दिसेल इतका. तार या उतारावरून जाते. छेडली की ती हलता हलता घोडीला शिवते, सुटते, पुन्हा शिवते. हा उतार कानसेने घासून जमवायचा म्हणजे जवारी लावायची. आणि तार व घोडी यांच्यामध्ये सुताचा एक दोरा सरकवायचा. कारागिराने दोरा काढून तार छेडली. ठक्क असा कोरडा, बसका आवाज आला. दोरा घालून केसाएवढा पुढे सरकवला आणि पुन्हा छेडली. तीच तार, तीच घोडी, तेच बोट. आता तिच्यातून गुणगुणत एकेक स्वर उमलायला लागला.

मी विचारलं, “नक्की जागा कशी कळते?”

ते म्हणाले, “तार सांगते. आपण घाई नाही करायची.”

शंभर वर्षांपूर्वी चंद्रशेखर वेंकट रामन यांना याच जागेने कोड्यात टाकलं होतं. प्रकाशावरच्या कामासाठी नोबेल मिळण्याच्या कितीतरी आधी ते कलकत्त्यात वाद्यांचा अभ्यास करत होते. तारेचा एक जुना नियम आहे. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर जे उपस्वर स्थिर असतात ते आवाजात येऊ नयेत. तार बरोबर मध्यावर छेडली तर दुसरा, चौथा, सहावा हे उपस्वर गायब असायला हवेत. वीणा आणि तंबोरा हा नियम पाळत नाहीत. जे उपस्वर नसायला हवेत तेही त्यांच्यात ठणठणीत वाजतात. १९२१च्या निबंधात रामन यांनी याचं कारण घोडीकडे दाखवलं. तार आणि घोडी यांच्या त्या वारंवार होणाऱ्या स्पर्शातून नवे उपस्वर जन्माला येतात.

माझ्यासारख्या फिल्टर फिरवणाऱ्या माणसासाठी हे वाक्य डोळे उघडणारं आहे. गाळणी फक्त कमी करते, आहे त्यातलंच काढून घेते. जवारी जे नव्हतं ते निर्माण करते. आणि ती ते सतत एकसारखं करत नाही. तार जोरात हलत असते तेव्हा स्पर्श वेगळा, थकत जाते तसा वेगळा. म्हणून तंबोऱ्यात आधी अगदी वरचे उपस्वर चमकतात आणि तो चमकता पट्टा सावकाश खाली उतरत येतो. ही हालचाल कुणी नॉब फिरवून केलेली नसते. तारेचा जोर आणि घोडीचा उतार मिळून ती घडते.

इथे आमच्याच भागातली एक जुनी धडपड आठवते. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१०मध्ये बावीस श्रुतींवर पुस्तक प्रसिद्ध केलं. ब्रिटिश सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स त्यांच्या जोडीला होते. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या प्रयोगांना लाभला. श्रुतींची पेटीही त्यांनी तयार करवून घेतली आणि १९१६च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत त्यावर बराच खल झाला. त्यांचा प्रश्न होता, स्वर नेमका *कुठे* आहे? तो फार मोलाचा प्रश्न होता आणि आजही त्यावर काम चालू आहे. पण त्याच सांगली-मिरजेत कारागीर आपल्या हातांनी वेगळाच प्रश्न सोडवत होते. स्वर कुठे आहे यापेक्षा तो *जिवंत कशाने* होतो? त्या प्रश्नाचं उत्तर ते कानशीने लिहीत होते, म्हणून ते ग्रंथात फारसं आलं नाही.

परतीच्या गाडीत मी वहीच्या नव्या पानावर एकच ओळ लिहिली : काय कशाला शिवतं?

आवाज कसा रचला

पहिला प्रयत्न फसला, तोही सांगतो. घरातली भांडी हलवून ध्वनिमुद्रित केली आणि ती वाजवली. ऐकणाऱ्याला वाटलं, कुणीतरी भांडी घासतंय. भांड्यांचा आवाज खरा होता, पण त्यामागे जमीन नव्हती. हात होता. हात कधी थांबेल, कधी जोर लावेल, हे कान ओळखतो.

म्हणून मी भांड्यांचा आवाज करणं सोडलं आणि भांडी वाजण्याची *रीत* यंत्रात मांडायला घेतली. आधी जमीन. सेकंदाला पाच ते सात वेळा हलणारी, ओबडधोबड, कमीजास्त होत राहणारी एक लाट. ही लाट स्पीकरकडे पाठवायचीच नाही. ती यंत्राच्या आत फक्त हलत राहील.

मग भांडी. आईच्या संसारातली उरलेली सगळी काढली. पितळी ताटं, झाकण्या, डबे, कळशी, तांब्याचा हंडा. प्रत्येकावर चमच्याने टिचकी मारली आणि संगणकावर तिचे उपस्वर पाहिले. तारेचे उपस्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ हिशेबात असतात. भांड्यांचे तसे नसतात. ते आडमुठे असतात, एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणूनच भांडं स्वर कमी आणि ‘खण्’ जास्त करतं. कातडं ताणलेल्या साध्या वर्तुळाचंही तसंच. त्याच्या कंपनांचं प्रमाण १, १.५९, २.१४, २.३० असं वेडंवाकडं जातं. तबल्यावर शाई चढवली की ते सरळ होऊ लागतं, हेही रामन यांनीच दाखवलं. हलगीला शाई नाही, म्हणून हलगी कडाडते आणि तबला गातो. मला इथे गाणं नको होतं. प्रत्येक भांड्यासाठी चार-पाच आडमुठे उपस्वर यंत्रात बसवले. अशी आठ भांडी झाली.

आता खरा भाग, स्पर्शाचा. दोन ताटांमध्ये थोडी फट असते. जमीन त्या फटीपेक्षा कमी हलली तर काहीच वाजत नाही. जास्त हलली तरच ताट ताटाला लागतं. म्हणून प्रत्येक भांड्याला एक उंबरठा दिला. आतली मुकी लाट त्या उंबरठ्याच्या वर गेली की दोन-तीन सहस्रांश सेकंदांचा एक छोटा झटका त्या भांड्याला बसेल. लाट जितकी वर, तितका झटका जोरात आणि आवाज तितका चरचरीत. शेवटी एक बारीक गोष्ट घातली आणि तिनेच सगळं जमलं. वाजलेलं भांडं शेजाऱ्याला टेकलेलं असतं, त्यामुळे त्याचा नाद पुरता लांबत नाही, मध्येच दाबला जातो. म्हणून पुढचा झटका आला की आधीचा नाद तिथेच तोडायचा.

उंबरठे मी सारखे ठेवले नाहीत. झाकण्या हलक्या, त्यांचा उंबरठा सगळ्यात खाली. मग ताटं, मग डबे, कळशी, आणि सगळ्यात शेवटी हंडा. लाट सुरू केली. आधी एक झाकणी किणकिणली. थांबली. पुन्हा दोनदा. मग ताटांची एक रांग कुजबुजायला लागली. मी काहीच वाजवत नव्हतो. मी फक्त जमीन हलवत होतो आणि घर आपलं आपण वाजत होतं.

पाच सेकंदांनी लाटेचा जोर चौपट केला, ही दुय्यम लाट. हंडा बोलला. त्याखाली लाकडी तुळयांचा करकरणारा आवाज ठेवला. तोही स्पर्शाचाच. अडकतं, सुटतं, पुन्हा अडकतं, व्हायोलिनच्या गजासारखं. मग एकदम सगळं थांबवलं आणि एकच झाकणी बऱ्याच वेळाने पुन्हा किणकिणू दिली.

याचा एक व्यवहारी फायदा झाला, तो माझ्यासारखं काम करणाऱ्यांनी टिपून ठेवावा. तालुक्याच्या नाट्यगृहातले स्पीकर खोल आवाज देतच नाहीत. माझा आधीचा घुमणारा भूकंप तिथे नुसता फाटला असता. झाकणी मात्र कुठल्याही स्पीकरवर किणकिणते. आणि ती किणकिणली की प्रेक्षक आपोआप पायाखालची जमीन तपासतो. न ऐकवलेला भाग त्याचा त्याने ऐकलेला असतो.

एकांकिकेला बक्षीस मिळालं नाही. दिग्दर्शक मुलगा मात्र तालमीत झाकणीचा पहिला आवाज झाल्यावर मागे वळून विंगेत पाहू लागला, कुणाचा धक्का लागला म्हणून. एवढं मला पुरलं.

पुढचे प्रश्न

तेव्हापासून मी कुठलाही आवाज रचायला बसलो की यंत्र सुरू करण्याआधी कागदावर तीन प्रश्नांची उत्तरं लिहितो. यात काय कशाला शिवतं? किती जोर झाल्यावर शिवतं? आणि कोण आधी, कोण नंतर? कोणता प्रीसेट, कोणता फिल्टर हे त्यानंतर.

या प्रश्नांनी ओळखीची ठिकाणं नवी झाली. प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेच्या पाण्याचा आवाज मी लहानपणापासून ऐकतो. सिंथेसायझरवर पाणी करायचं तर सगळे जण फसफसणारा आवाज घेऊन तो गाळतात, मीही तेच करायचो. काय कशाला शिवतं, हे विचारल्यावर कळलं की पाणी स्वतः फारसं वाजत नाही. त्यात अडकलेली हवा वाजते. मिनार्ट नावाच्या डच शास्त्रज्ञाने १९३३मध्ये याचं गणित मांडलं. एक मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे तीन हजार कंपनं करतो, एक सेंटिमीटरचा सुमारे तीनशे. म्हणजे नदी हा लहानमोठ्या घंट्यांचा समुदाय झाला. आता माझी नदी मी बुडबुड्यांची करतो. उन्हाळ्यातली कृष्णा बारीक बुडबुड्यांची, श्रावणातली मोठ्या.

गुऱ्हाळातही एकदा रात्रभर बसून आलो. काहिलीतला रस आधी खळखळतो, मग घट्ट होत जातो तसे बुडबुडे जड होतात आणि फुटताना वेगळे बोलतात. गुळव्या पाहतो आणि ऐकतोही. त्याला आवाज रचायचा नसतो, गूळ उतरवायचा असतो, आणि म्हणूनच त्याचं ऐकणं माझ्यापेक्षा नेमकं असतं. नव्या दिशा शोधायच्या तर अशा माणसांकडे जावं, असं मला आता वाटतं. ज्यांचं पोट आवाज ओळखण्यावर चालतं, त्यांच्याकडे. जवारी लावणारा कारागीर, गुळव्या, इंजिनच्या ठोक्यावरून बिघाड सांगणारा मेकॅनिक. यांची माणसं कमी होत चालली आहेत आणि त्यांच्याबरोबर त्यांचे कानही जातात. यंत्रातले प्रीसेट जगभर तेच असतात. मिरजेच्या दोऱ्याची जागा मात्र मिरजेतच कळते.

भूकंपाचा आवाज पुरा झाल्यावर पहिल्यांदा आईला ऐकवला होता. ती खुर्चीत बसून भाजी निवडत होती. मी काही न सांगता मागच्या खोलीतून तो लावला. झाकणी किणकिणली. आईचा हात थांबला आणि तिने मान वर करून भिंतीकडे पाहिलं. त्या भिंतीवर आता फळी नाही. कधीच काढली, खाली स्टीलची ट्रॉली आली. तरी ती तिथेच पाहत होती.

मग म्हणाली, “बंद कर.”

मी बंद केला. पुन्हा तिला कधी ऐकवला नाही.